मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, वेळ किती?

मुलगी न्यू जर्सीत, आईवडील पुण्यात किंवा ठाण्यात, आणि तिकीट काढायची वेळ आली की घरात दोन प्रश्न हमखास निघतात. किती लांब आहे? किती तास लागतात? फोनवर विचारलं तर उत्तर क्षणात मिळतं, पण तीन ठिकाणी पाहिलं तर तीन आकडे दिसतात. तिकिटावरच्या वेळा वाचल्या तर विमान साडेपाच तासांत अमेरिकेला पोहोचतं असंच वाटतं. हा सगळा हिशेब आपला आपल्याला घरी करता येतो. एक पृथ्वीगोल, एक दोरा आणि शाळेतली बेरीज-वजाबाकी एवढं पुरतं. उदाहरणासाठी मुंबई आणि न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ घेऊ. रीत एकदा हाती आली की ती कोणत्याही दोन विमानतळांना लागू पडते.

सुरुवात विमानतळाच्या नावापासून करावी. न्यूयॉर्कच्या परिसरात मोठे विमानतळ तीन आहेत: केनेडी (खूण जेएफके), लागार्डिया आणि नदीपलीकडे न्यू जर्सी राज्यातला न्यूअर्क (खूण ईडब्ल्यूआर). मुंबईहून मोजलं तर केनेडी आणि न्यूअर्क यांच्या अंतरात नाव घेण्यासारखा फरक नाही. पण वाटेत विमान बदलायचं असेल तर विमानतळातला फरक फार महागात पडतो. उतरायचं केनेडीला आणि पुढचं विमान न्यूअर्कहून किंवा लागार्डियाहून, अशी तिकिटं स्वस्त म्हणून समोर येतात. मग सामान घेऊन, शहरातल्या गर्दीतून, एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाणं आलं. आपल्याकडेही २०२५च्या अखेरीस नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. त्यामुळे तिकिटावर बीओएम आहे की एनएमआय, हे आता दोनदा वाचावं.

आता अंतर. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो खाली उतरवा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणून घट्ट करा. ढिला दोरा कुठूनही जाईल. ताणलेला दोरा मात्र सरकत सरकत आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर येऊन बसतो.

तो कुठून जातो ते नीट पाहा. मुंबईहून तो पश्चिमेला जात नाही, जवळपास उत्तरेलाच निघतो. क्वेट्ट्याच्या बाजूने पाकिस्तान ओलांडतो, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान करत मॉस्कोजवळ पोहोचतो. पुढे फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या आसपास, मग नॉर्वेचा समुद्र, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडाचा लॅब्राडोर, आणि मग वरून खाली उतरत न्यूयॉर्क. या वाटेचा सर्वांत उत्तरेकडचा बिंदू ६४ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर येतो. अमेरिका आपल्या पश्चिमेला आहे असं आपण लहानपणापासून नकाशात पाहिलेलं असतं, म्हणून ही वाट पहिल्यांदा पाहताना पटत नाही.

या वाटेला भूगोलाच्या पुस्तकात बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारा काप घेतला तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटेल, ते बृहद्वृत्त. गोलावरच्या कोणत्याही दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर याच वर्तुळावर मिळतं.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती अरबस्तान, इजिप्त, मोरोक्को आणि अटलांटिक महासागर अशी जाते. दिसायला ती सरळ दिसते, पण प्रत्यक्षात ती वाट सुमारे १४,२०० किलोमीटरची भरते. गोलावरची वाट सुमारे १२,५३० किलोमीटरची आहे. म्हणजे नकाशावर वाकडी दिसणारी वाट साडेसोळाशेहून अधिक किलोमीटरने जवळची आहे. याचं कारण नकाशाच्या बांधणीत आहे. गेरार्डस मर्केटरने १५६९ साली जी पद्धत मांडली, तिच्यात उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे प्रदेश ताणून मोठे होतात. आफ्रिका ग्रीनलंडच्या जवळपास चौदा पट मोठी आहे, पण त्या नकाशात दोन्ही सारख्याच दिसतात. तो नकाशा समुद्रावर दिशा धरून जाणाऱ्या जहाजांसाठी केला होता आणि त्या कामाला तो उत्तमच आहे. अंतर मोजायला मात्र तो घेऊ नये.

दोऱ्याची लांबी किलोमीटरमध्ये आणायला गोलाचा आकार माहीत असायला हवा असं नाही. तोच दोरा विषुववृत्ताभोवती गुंडाळून पूर्ण वेढा किती लांब होतो ते पाहा. तो वेढा म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर. मुंबई-न्यूयॉर्कचा तुकडा त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा किंचित कमी भरेल. ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर, आणि आपला दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास येईल. गुणाकार करून पाहा. संगणकाच्या उत्तराच्या इतक्या जवळ आपण दोऱ्याने पोहोचतो, हे मुलांना अवश्य करून दाखवावं.

मग निरनिराळ्या ठिकाणी आकडे वेगळे का दिसतात? एक कारण अगदी साधं आहे, एककांचं. आपण किलोमीटर मोजतो, अमेरिकेत मैल मोजतात, आणि वैमानिक सागरी मैल मोजतात. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. एकच अंतर १२,५३० किलोमीटर, सुमारे ७,७९० मैल किंवा सुमारे ६,७७० सागरी मैल असं तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. आकड्यापुढचं एकक वाचलं नाही तर गोंधळ ठरलेला. दुसरं कारण म्हणजे पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवांपाशी ६,३५७. कोणी पृथ्वी गोल धरून हिशेब करतं, कोणी हा चपटेपणा धरून. उत्तरात वीसेक किलोमीटरचा फरक पडला तर काळजी करू नये.

अंतर मिळालं, आता तास. मोठी जेट विमानं दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. १२,५३० भागिले ९०० केलं की तेरा तास पंचावन्न मिनिटं येतात. विमान उडाल्या उडाल्या हा वेग गाठत नाही आणि उतरण्याआधी बराच वेळ वेग कमी करत येतं. जमिनीवरही ते धावपट्टीपर्यंत आणि धावपट्टीपासून सावकाश चालतं. या सगळ्यासाठी पाऊण तास धरू. म्हणजे साधारण चौदा तास चाळीस मिनिटं. हा आकडा वारा नाही आणि आडकाठी नाही असं धरून काढलेला आहे, आणि आकाशात या दोन्ही गोष्टी नेहमीच असतात.

वाऱ्याकडे येण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो फार जणांच्या मनात असतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली अमेरिका आपण होऊन सरकत येईल आणि वेळ कमी लागेल, असा तर्क केला जातो. तसं होत नाही. पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते, आणि विमान त्या हवेत असतं. मुंबईत जमिनीवर उभं असलेलं विमानदेखील पृथ्वीबरोबर पूर्वेकडे चाललेलंच असतं आणि उडाल्यावर तो वेग सुटत नाही. धावत्या रेल्वेगाडीत उडवलेलं नाणं मागच्या डब्यात पडत नाही, आपल्याच हातात येतं, तसंच हे.

खरा फरक करतो तो जेट प्रवाह. उष्ण कटिबंधातली हवा ध्रुवांकडे जाऊ लागली की पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते. मध्य अक्षांशांवर, विमानांच्याच उंचीवर, तिचे अरुंद आणि जोरदार पट्टे तयार होतात. हिवाळ्यात ते सर्वांत जोरात वाहतात. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण तो असा आडवाटेने. भारतातून अमेरिकेला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो.

हिशेब करून पाहू. सबंध वाटेत सरासरी ताशी ५० किलोमीटर वारा समोरून असेल तर जमिनीच्या हिशेबात विमानाचा वेग ८५० होतो, आणि आकाशातला वेळ चौदा तास पंचेचाळीस मिनिटं. तेवढाच वारा पाठीमागून असेल तर वेग ९५० आणि वेळ तेरा तास अकरा मिनिटं. दीड तासाचा फरक पडला, आणि वारा फक्त ५० चा होता. ८-९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन मिनिटांत पोहोचलं. सिआरा वादळामुळे त्या रात्री जेट प्रवाह कमालीचा जोरात होता. जमिनीच्या मानाने त्या विमानाचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता.

म्हणूनच आसनासमोरच्या पडद्यावर जातानाची आणि येतानाची वाट वेगळी दिसते. जाताना विमान वाऱ्याचा पट्टा चुकवत उत्तरेकडून जातं, येताना थोडं लांबून का होईना, त्या पट्ट्यात शिरतं. किलोमीटर वाढतात, पण मिनिटं आणि इंधन वाचतं. सर्वांत जवळची वाट सर्वांत लवकरची असतेच असं नाही, हे इथे उघड दिसतं.

दुसरी गोष्ट, आडकाठी. प्रत्येक देशाच्या जमिनीवरचं आकाश त्या देशाचं असतं. त्याला हवाई हद्द म्हणतात, आणि तिच्यातून जायला परवानगी लागते. आपला दोरा ज्या देशांवरून गेला त्यांची नावं पुन्हा एकदा आठवा. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. रशियाने २०२२ पासून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि युरोपीय संघाच्या कंपन्यांना बंद केली. याच कारणाने युनायटेड एअरलाइन्सने २०२२ साली न्यूअर्क-मुंबई सेवा थांबवली. जून २०२५ मध्ये इराणचं आकाश काही दिवस बंद होतं.

अशा वेळी वाट किती वाढते, तेही दोऱ्याने कळतं. पाकिस्तान टाळायचं म्हणून दोरा मस्कतवरून नेला तर मुंबई-न्यूयॉर्क सुमारे १२,९०० किलोमीटर होतं. वाढ चारशेच्या आत, म्हणजे अर्ध्या तासाहून कमी. पण हाच प्रयोग दिल्लीपासून करून पाहा. दिल्ली-न्यूयॉर्क थेट अंतर सुमारे ११,७५० किलोमीटर आहे, आणि मस्कतवरून ते १३,२५० च्या पुढे जातं. पंधराशे किलोमीटरची वाढ म्हणजे दीड तासाहून जास्त. मुंबई आधीच समुद्राकाठी आणि दक्षिणेला असल्यामुळे तिला हा वळसा सोसतो, दिल्लीला तो जड जातो. २०२५ मध्ये दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात थांबावं लागलं, त्याचं कारण हेच. पाकिस्तान आणि इराण दोन्ही टाळून कैरोवरून गेलं, तर मुंबईच्या वाटेत सुमारे साडेआठशे किलोमीटर वाढतात. बातमीत आकाश बंद झाल्याचं वाचलं की आपल्या वाटेवर त्याचा परिणाम होतो का, हे पाच मिनिटांत असं पाहता येतं.

वारा, वळसा आणि जमिनीवरचा वेळ एकत्र केला की मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना सोळा तासांच्या आसपास आणि येताना साडेचौदा तासांच्या आसपास असे आकडे पटू लागतात. तिकिटावरची वेळ ही विमान फाटकापासून, म्हणजे प्रवासी चढतात त्या जागेपासून, हलल्यापासून ते पलीकडच्या फाटकाशी थांबेपर्यंतची असते. वैमानिक घोषणेत सांगतो ती बहुधा आकाशातलीच वेळ असते, म्हणून ती कमी भरते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि उड्डाणासाठी रांग लागते. कंपन्या असा वेळ आधीच धरून ठेवतात. विमान उशिरा उडूनही वेळेवर पोहोचलं, हा अनुभव त्यातूनच येतो.

आता तिकिटावरच्या वेळा. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून सावकाश जाऊ. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. समजा तिकिटावर आहे: १५ जानेवारी, मुंबई, ०२:००, आणि १५ जानेवारी, न्यूयॉर्क, ०७:३०. नुसती वजाबाकी केली तर साडेपाच तास येतात. ही वजाबाकी चुकीची आहे, कारण दोन वेळा दोन वेगळ्या घड्याळांतल्या आहेत.

दोन्ही वेळा आधी एकाच घड्याळात आणा. भारताची प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे आणि हिवाळ्यात न्यूयॉर्कची पाच तास मागे. म्हणून फरक साडेदहा तासांचा. न्यूयॉर्कच्या साडेसातमध्ये साडेदहा मिळवले की भारतातली वेळ येते, संध्याकाळचे सहा. पहाटे दोन ते संध्याकाळी सहा म्हणजे सोळा तास. परतीचंही तसंच. १० फेब्रुवारीला न्यूयॉर्कहून सकाळी ११:३० ला निघून ११ फेब्रुवारीला मुंबईत दुपारी १२:३० ला पोहोचायचं असेल, तर निघतानाची भारतातली वेळ १० फेब्रुवारी रात्री दहा. तिथून साडेचौदा तास. मिळवायचे की वजा करायचे याचा घोळ होत असेल तर एवढंच धरून ठेवा: आपलं घड्याळ पुढे आहे, म्हणून तिकडच्या वेळेचं भारतीय वेळेत रूपांतर करताना नेहमी मिळवायचं.

इथे आणखी एक मेख आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे. त्या काळात फरक साडेदहाचा नसून साडेनऊ तासांचा असतो. ब्रिटनमध्येही घड्याळ बदलतं, पण मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. दुबईत अजिबात बदलत नाही. त्यामुळे मार्चच्या मधल्या आठवड्यांत लंडनमार्गे जाणाऱ्यांचे हिशेब चुकतात. तिकिटावरच्या वेळा त्या त्या दिवसाप्रमाणे बरोबर असतात, चुकतो तो आपला पाठ केलेला फरक.

आणि तारीख. भारतातून अमेरिकेला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. १५ तारखेचं ०२:०० म्हणजे १४ तारखेची रात्र संपून पुढचे दोन तास. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं, म्हणजे १४ तारखेच्या रात्री अकराला. पुण्याहून निघायचं तर १४ तारखेच्या संध्याकाळीच. १५ तारखेच्या रात्री जेवून निवांत निघालेलं कुटुंब विमानतळावर पोहोचतं तेव्हा विमान काल गेलेलं असतं. ही चूक शिकलेल्या, जबाबदार माणसांकडून होते, आणि तिची किंमत नव्या तिकिटाएवढी असते. म्हणून घरातल्या कॅलेंडरवर विमान सुटण्याची तारीख लिहू नका, घर सोडण्याची तारीख, वार आणि वेळ लिहा.

एका थांब्याचं तिकीट पाहताना आपण धरून चालतो की वाट फार लांबली. दोऱ्याने पाहिलं तर तसं नसतं. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन-न्यूयॉर्क सुमारे ५,५५०, दोन्ही मिळून १२,७५०. थेट अंतराहून जेमतेम सव्वादोनशे जास्त. दुबईमार्गे सुमारे १२,९५०. वेळ वाढतो तो अंतराने नाही, मधल्या थांब्याने आणि दुसऱ्यांदा उतरण्या-चढण्याने. दीड तासाचा थांबा कागदावर बरा दिसतो, पण पहिलं विमान पाऊण तास उशिरा आलं तर वयस्कर माणसाला धावावं लागतं. आईवडिलांसाठी तीन-चार तासांचा थांबा घ्यावा, चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी, आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत ना ते पाहावं. वेगळी तिकिटं असतील तर पहिल्याच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही.

वेळ मोजण्याचं सर्वांत महत्त्वाचं कारण मला औषधांचं वाटतं. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी दर बारा किंवा चोवीस तासांनी घ्यायची असते, आणि ते तास शरीराचे असतात, भिंतीवरच्या घड्याळाचे नाहीत. फोन उतरताच आपोआप न्यूयॉर्कची वेळ दाखवू लागतो आणि हिशेब विस्कटतो. मनगटावर एक साधं घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवावं. निघण्याआधी डॉक्टरांना घरातून निघण्यापासून पोहोचण्यापर्यंतचे एकूण तास सांगून कोणती गोळी केव्हा, ते लिहून घ्यावं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हे टाळूच नये.

एकूण तास म्हणजे विमानातले सोळा नव्हेत. पुण्याहून मुंबई विमानतळ चार तास, तिथे तीन तास, मग सोळा, आणि केनेडीला उतरल्यावर पारपत्र तपासणी व सामान यांत एक ते दोन तास. तिथून एडिसनसारख्या न्यू जर्सीतल्या गावी पोहोचायला आणखी दीड-दोन तास. बेरीज पंचवीस-सव्वीस तासांच्या पुढे जाते.

घ्यायला येणाऱ्या मुलीने विमान मुंबईहून प्रत्यक्ष किती वाजता हललं ते पाहावं. त्यात तिकिटावरचे एकूण तास मिळवले, साडेदहा किंवा साडेनऊ वजा केले, की फाटकाशी लागण्याची न्यूयॉर्कची वेळ मिळते. आईवडील बाहेर येतील ते त्यानंतर साधारण एक ते दोन तासांनी.